लॅपटॉप अपग्रेड केला आणि ऑडिओ इंटरफेस गप्प झाला: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

बडोद्यात गाणं शिकवणाऱ्या घरांमध्ये आता पेटी-तानपुऱ्याच्या शेजारी एक छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, दिसू लागला आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये या शहरात गायनशाळा सुरू केली, तिचीच पुढे सुरसागरच्या काठावरची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली. तिथे शिकलेली कितीतरी माणसं आज घरबसल्या परदेशातल्या मुलांना शिकवतात. दांडिया बाजारात रविवारी सकाळी सातला शिकवणी सुरू होते तेव्हा न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्याकडे शनिवारची रात्र असते. अशा वेळी आवाज गेला तर तास बुडतोच, शिवाय समोरच्याची झोपही वाया जाते.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्याच्या आसपास अनेकांनी विंडोज ११ घेतलं, मॅकवाल्यांकडे दरवर्षी नवी आवृत्ती येतेच. त्यानंतरची तक्रार बहुतेक एकाच धर्तीची असते: "दिवा लागतोय, पण आवाज नाही." आणि पुढचं वाक्य, "नवीन घ्यावा लागेल का?"

घाई करू नका. अपग्रेडने इंटरफेसच्या आतलं काही जळत नाही. बदलतं ते कॉम्प्युटरच्या बाजूचं: ड्रायव्हर, परवानग्या, कोणतं उपकरण आपोआप निवडायचं ते, सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने, तो आकडा) आणि सुरक्षेचे नियम. हे सगळं पैसे न खर्चता तपासता येतं. एकच पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी त्या स्क्रीनचा फोनवर फोटो काढा. पाच बटणं एकदम फिरवली तर कशाने बरं झालं तेही कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही नाही.

आधी लक्षण ओळखा

इंटरफेस माइककडून येणारा विजेचा संकेत आकड्यांत बदलतो आणि यूएसबीने कॉम्प्युटरला देतो. ड्रायव्हर हा या दोघांमधला दुभाष्या. म्हणून अडचण तीन ठिकाणी असू शकते. कॉम्प्युटरला इंटरफेस दिसतच नाही, हा पहिला प्रकार. दिसतो पण आवाज येत नाही, हा दुसरा. आवाज येतो पण बिघडलेला येतो, म्हणजे तडतड, उशीर, सूर चढलेला किंवा तानपुरा गायब, हा तिसरा. आपलं लक्षण कुठलं ते कागदावर लिहा. पहिला प्रकार असेल तर पुढच्या तीन पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. बाकीच्यांनी पहिली पायरी करून थेट परवानग्यांकडे जायला हरकत नाही.

पायरी १: खरा रीस्टार्ट, सरळ पोर्ट, चांगली केबल

विंडोजमध्ये 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' करणं यांत फरक आहे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही; तो जसाच्या तसा साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून 'रीस्टार्ट'च निवडा. त्याआधी 'विंडोज अपडेट' उघडून काही अर्धवट राहिलंय का पाहा, कारण मोठ्या अपग्रेडनंतर मागाहून छोटी अपडेट्स येत राहतात.

रीस्टार्ट करताना इंटरफेस काढून ठेवा. कॉम्प्युटर पूर्ण उघडल्यावर तो लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टमध्ये लावा, मध्ये हब नको. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलीअँपियरपर्यंतच वीज मिळते. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पॉवर चालू असेल आणि त्याच हबवर माउस, पेनड्राइव्ह, पंखा असं सगळं असेल तर इंटरफेसला ती पुरत नाही. केबलही पाहा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांनी दिवा लागतो, पण डेटा जात नाही.

यानंतर घरातल्या भाचीच्या किंवा शेजारच्यांच्या लॅपटॉपला, ज्याचं अपग्रेड झालेलं नाही अशा, तोच इंटरफेस त्याच केबलने लावून पाहा. तिथे चालला तर इंटरफेस धडधाकट आहे, दोष तुमच्या सिस्टिममध्ये आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने नव्या इंटरफेसचे हजारो रुपये वाचू शकतात. म्हणून ती टाळू नका.

पायरी २: कॉम्प्युटरला दिसतोय का?

विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये इंटरफेसचं नाव हवं. नावावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरची गडबड. त्यावर दोनदा क्लिक केलं की एक कोड दिसतो. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकलं नाही.

मॅकवर 'ॲप्लिकेशन्स'मधल्या 'युटिलिटीज'मध्ये 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडा. डावीकडच्या यादीत नाव असेल तर मॅकने ओळखलंय. ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकबुकवर, मॅकओएस व्हेंचुरापासून पुढे, नवं यूएसबी उपकरण लावलं की "जोडू द्यायचं का?" असा प्रश्न येतो. गडबडीत 'नको' दाबलं गेलं तर इंटरफेसला वीज मिळते पण बोलणं होत नाही. काढून पुन्हा लावा आणि 'अलाउ' म्हणा.

पायरी ३: ड्रायव्हर

कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर जा आणि तुमचं मॉडेल शोधा, पिढीसकट. फोकसराइटच्या स्कार्लेटसारख्या एकाच नावाने चार पिढ्या निघाल्या आहेत आणि पिढीनुसार सॉफ्टवेअर बदलू शकतं. पिढी सहसा खालच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरवरून ओळखता येते. तुमच्या सिस्टिमची आवृत्ती त्या पानावरच्या यादीत आहे का, ते आधी वाचा आणि मग डाउनलोड करा. जुना ड्रायव्हर 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून काढा, इंटरफेस काढा, रीस्टार्ट करा, नवा ड्रायव्हर टाका आणि तो सांगेल तेव्हाच इंटरफेस लावा. हा क्रम उलटला तर विंडोज स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर आधी बसवून मोकळं होतं. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" म्हणणारी मोफत सॉफ्टवेअरं टाकू नका. ऑडिओच्या बाबतीत ती काम वाढवून ठेवतात.

कंपनीने नवा ड्रायव्हर काढलाच नसेल तर? इंटरफेस 'क्लास कंप्लायंट', म्हणजे यूएसबी ऑडिओचं सर्वसाधारण मानक पाळणारा असेल, तर ड्रायव्हरशिवायही चालण्याची बरीच शक्यता आहे. मॅक अशा इंटरफेसना पूर्वीपासून थेट ओळखतो. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ चा अंगभूत ड्रायव्हर विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून आहे. शिकवणीसाठी एवढं पुरतं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला एएसआयओ (कमी उशिराने आवाज देणारा ड्रायव्हरचा प्रकार) हवाच असेल आणि कंपनीचा स्वतःचा नसेल, तर 'एएसआयओफोरऑल' हा मधला मार्ग आहे.

विंडोज ११ मध्ये जुने ड्रायव्हर 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षेच्या सोयीमुळे अडकतात. 'विंडोज सिक्युरिटी', 'डिव्हाइस सिक्युरिटी', 'कोअर आयसोलेशन' असं गेलात की ती सापडते आणि न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावंही तिथे कळू शकतात. ती बंद केली की जुना इंटरफेस चालतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या लॅपटॉपवर तुमची बँक आणि मुलांचा अभ्यासही आहे, त्यावर ती कायमची बंद ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅकमध्येही तसंच: २०२० नंतरच्या ॲपल सिलिकॉन मॅकवर जुन्या पद्धतीचे, सिस्टिमच्या गाभ्यात शिरणारे (कर्नल एक्स्टेन्शनवाले) ड्रायव्हर चालवायला रिकव्हरी मोडमध्ये जाऊन 'रिड्यूस्ड सिक्युरिटी' निवडावी लागते. त्याआधी कंपनीने नव्या पद्धतीचा ड्रायव्हर दिलाय का, ते नीट शोधा.

दोन ठिकाणी मात्र प्रयत्न थांबवलेले बरे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर इंटेल-एएमडीसाठीचे ड्रायव्हर चालत नाहीत, कंपनीचा त्या प्रोसेसरसाठीचा खास (एआरएम) ड्रायव्हरच लागतो. आणि यूएसबीऐवजी फायरवायर या जुन्या पोर्टने जोडले जाणारे इंटरफेस: मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकलाय. तुमचा इंटरफेस फायरवायरचा असेल तर जुना मॅक जुन्याच सिस्टिमवर रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवा.

पायरी ४: परवानगी

इंटरफेसवरचा गेनचा दिवा गाताना हिरवा होतो, पण सॉफ्टवेअरमधली रेघ सपाट राहते. हे दिसलं की सगळ्यात आधी परवानगी तपासा. परवानगी नसली तर अनेकदा कुठलाही संदेश येत नाही, नुसती शांतता ऐकू येते. त्यामुळे माणूस केबल बदलत बसतो.

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'मायक्रोफोन' इथे तीन बटणं पाहा: मायक्रोफोन ॲक्सेस, ॲप्सना परवानगी, आणि खाली 'लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युअर मायक्रोफोन'. रीपर, क्यूबेस, ऑडॅसिटी ही रेकॉर्डिंगची सगळी डेस्कटॉप ॲप्स आहेत. वरची दोन चालू आणि तिसरं बंद असेल तर ती बहिरीच राहतात. मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'मायक्रोफोन' इथे प्रत्येक ॲपपुढे वेगळं बटण असतं. ते चालू दिसत असलं तरी एकदा बंद करून पुन्हा चालू करा आणि ॲप पूर्ण बंद करून उघडा.

पायरी ५: निवड

अपग्रेडनंतर आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे द्यायचा हे सिस्टिम स्वतः ठरवते, आणि लॅपटॉपचा माइक किंवा एचडीएमआयने जोडलेला टीव्ही निवडून बसते. साउंड सेटिंग्जमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे इंटरफेस निवडा. मग झूममध्ये 'सेम ॲज सिस्टिम' न ठेवता इंटरफेसचं नाव थेट निवडा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर निवडा. ऑडॅसिटी उघडी असताना इंटरफेस लावला असेल तर तिथे 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस' करावं लागतं. काही ड्रायव्हर एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला आवाज देतात, म्हणून शिकवणीच्या वेळी रीपर मागे उघडं ठेवू नका. आणि माइक दुसऱ्या भोकात असून सॉफ्टवेअर पहिलंच ऐकतंय असंही होतं, तेवढं बघून घ्या.

पायरी ६: सूर चढला किंवा उतरला तर

गाणाऱ्यांना ही अडचण सगळ्यात जास्त घाबरवते. जुनं रेकॉर्डिंग वाजवलं आणि षड्जच बदललेला. आपलाच कान गेला की काय, असं वाटतं. कान ठीक आहे. रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं आणि इंटरफेस ४८,००० ने वाजवतोय, असं झालेलं असतं. मग सगळं जवळजवळ ९ टक्के जलद होतं आणि सूर सुमारे दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, चढतो. काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो, पेटीवर तो सापडतच नाही. दहा मिनिटांचा ख्याल नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतो. उलट जुळणी झाली तर सूर तेवढाच उतरतो आणि लय रेंगाळते.

उपाय: आकडा तिन्ही ठिकाणी एकच हवा. एक, इंटरफेसच्या कंपनीचं कंट्रोल पॅनेल. दोन, सिस्टिम. विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जच्या तळाशी 'मोर साउंड सेटिंग्ज', तिथे उपकरणावर दोनदा क्लिक करून 'ॲडव्हान्स्ड'. प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग, दोन्ही टॅबमध्ये हे वेगवेगळं पाहायला लागतं. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मधला 'फॉरमॅट'. तीन, सॉफ्टवेअरमधल्या त्या प्रोजेक्टचा सॅम्पल रेट. जुना प्रोजेक्ट ४४,१०० चा असेल तर तो संपेपर्यंत सगळं ४४,१०० वर ठेवा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ४८,००० निवडावा, कारण व्हिडिओसाठी तोच रूढ आहे.

पायरी ७: तडतड आणि उशीर

अपग्रेडनंतर पहिला दिवसभर कॉम्प्युटर फायलींची यादी नव्याने करत असतो. त्या काळातली तडतड मोजू नका. चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा आणि मग ऐका.

तरी तडतड राहिली तर बफर वाढवा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जितके नमुने साठवून पुढे देतो तो आकडा. ४८,००० ला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७. आवाज आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा मिळून उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्त होतो. बफर लहान ठेवला तर प्रोसेसरची दमछाक होऊन तडतड होते. मोठा ठेवला तर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो. तबलजींना हा उशीर गायकांपेक्षा लवकर खटकतो. नवख्यांनी २५६ पासून सुरुवात करावी आणि स्वतःला ऐकण्यासाठी इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' वापरावं. त्यात आवाज कॉम्प्युटरची फेरी न मारता थेट कानात येतो, मग बफर मोठा असला तरी गाताना अडत नाही.

विंडोजमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. कोणता ड्रायव्हर अडवतोय ते शोधायला 'लेटन्सीमॉन' हे मोफत साधन चांगलं आहे. वाय-फाय बंद केल्यावर तडतड थांबत असेल तर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीकडून नवा घ्या.

चार्जर लावल्यावरच घुंऽऽ असा सलग आवाज येत असेल तर तो अपग्रेडशी निगडित नाही. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. थांबला तर घराचं अर्थिंग वायरमनला दाखवा.

पायरी ८: तानपुरा गायब

"माझा आवाज जातो, पण तानपुरा त्यांना ऐकूच येत नाही," हे संगीत शिकवणाऱ्यांचं खास दुखणं आहे. सामान्य मार्गदर्शकांत त्याचा उल्लेख सापडत नाही, म्हणून इथे सविस्तर.

कॉलची सॉफ्टवेअरं माणसाचं बोलणं ठेवून बाकीचा गोंगाट काढायला बनवलेली असतात. त्यांच्या लेखी सलग, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी. तानपुरा नेमका तसाच: सलग, स्थिर, अखंड. त्यामुळे ती तो पुसून टाकतात. पेटीचा लांबवलेला सूर आणि गायकाचा ठेहराव यांनाही कधीकधी तीच शिक्षा होते. अपग्रेडनंतर ही सफाई बहुधा एकाहून अधिक जागी चालू झालेली असते, म्हणून चारही जागा बघा.

झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आणि त्याखालचं 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' निवडा. नुसतं सेटिंग पुरत नाही, मीटिंग सुरू झाल्यावर स्क्रीनवरचं ते बटण 'ऑन' आहे का, तेही बघा. 'एको कॅन्सलेशन' बंद करायचं असेल तर हेडफोन लावणं सक्तीचं समजा, नाहीतर विद्यार्थ्याला त्याचाच आवाज परत ऐकू येईल. गूगल मीट वापरत असाल तर त्याच्या ऑडिओ सेटिंग्जमधलं 'नॉइज कॅन्सलेशन' बंद करा.

मॅकवर मॅकओएस मॉन्टेरीपासून 'माइक मोड' नावाची सोय आहे. कॉल चालू असतानाच वरच्या पट्टीत ती दिसते. तिथे 'व्हॉइस आयसोलेशन' असेल तर तानपुरा गेलाच म्हणून समजा. 'स्टँडर्ड' किंवा 'वाइड स्पेक्ट्रम' ठेवा.

विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये इंटरफेसवर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा.

चौथी जागा फार जणांना माहीत नाही. तानपुऱ्याचं ॲप त्याच लॅपटॉपवर चालवत असाल आणि कॉल सुरू होताच ते तुम्हालाच क्षीण ऐकू येऊ लागत असेल, तर 'मोर साउंड सेटिंग्ज'मधला 'कम्युनिकेशन्स' टॅब उघडा. विंडोजला कॉल चालू आहे असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सूचना तिथे निवडलेली असते. 'डू नथिंग' निवडा. शक्य असेल तर तानपुरा लॅपटॉपवर न लावता वेगळ्या फोनवरून इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला केबलने द्या, म्हणजे त्याची पातळी बोटाने फिरवून ठरवता येते.

परत फिरायचं असेल तर

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर साधारण १० दिवस परतीची वाट उघडी असते: 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'गो बॅक'. तुमच्या फायली राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं जातात. जागा मोकळी करायला डिस्क साफ करताना जुन्या विंडोजचा फोल्डर उडवला तर ही वाट बंद होते, तेवढी काळजी घ्या. मॅकवर असं बटण नाही. मॅक पुसून, जुनी आवृत्ती टाकून टाइम मशीनच्या बॅकअपमधून सगळं परत आणावं लागतं. म्हणून मॅकवाल्यांनी बॅकअपशिवाय अपग्रेडला हात लावू नये.

बडोद्यात गणपतीपासून नवरात्र संपेपर्यंत कुणाही वादकाला, गायकाला उसंत नसते. आज आरत्यांचं रेकॉर्डिंग, उद्या गरब्याचा ट्रॅक. त्या काळात "अपडेट तयार आहे" असा संदेश आला तर विंडोज अपडेटमध्ये 'पॉझ' दाबून ठेवा, मात्र नंतर ते पुन्हा चालू करा. मोठं अपग्रेड दिवाळीनंतरच्या मोकळ्या आठवड्यात करावं, आणि त्याआधी इंटरफेसच्या कंपनीच्या पानावर नव्या आवृत्तीचं नाव आलंय का, ते वाचावं.

मदत मागताना

इतकं करूनही अडलं तर कंपनीला, दुकानदाराला किंवा ओळखीच्या दादा-ताईंना "चालत नाहीये" एवढंच कळवू नका. इंटरफेसचं मॉडेल आणि पिढी, सिस्टिमची नेमकी आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती, कोणतं सॉफ्टवेअर, सॅम्पल रेट आणि बफर, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर काय झालं, एवढं एका निरोपात लिहा. विंडोजची आवृत्ती 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथे मिळते, मॅकची ॲपलच्या चिन्हाखालच्या 'अबाउट धिस मॅक'मध्ये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला असेल तर त्याचा कोड नंबर आणि तुम्ही काढलेले स्क्रीनचे फोटोही सोबत जोडा.